मोबाईलवरचा कायदा तारीख बघून वाचा

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीनं मला विषय दिला तो मोबाईल आणि कायदा. मी वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो. नववीत शाळा सुटली आणि पुढं सूतगिरणीत रिंगफ्रेमवर लागलो. तुटलेला धागा जोडायचा, भरलेली बॉबिन उतरायची, हे माझं शिक्षण. कायद्याची ओळख झाली ती गरजेनं. एकदा हजेरीच्या भानगडीत आम्हा काहीजणांना घरी बसवलं, आणि लेबर कोर्टाची पायरी चढावी लागली. तिथं आमचे वकीलसाहेब आणि समोरचे वकीलसाहेब एकमेकांशी बोलायचे, आणि ज्यांची भाकरी गेली ते आम्ही मागच्या बाकावर गप्प बसायचो. तेव्हा ठरवलं, हे लोक काय बोलतात ते कळलंच पाहिजे. कोर्टाबाहेरच्या दुकानातून बेअर ॲक्ट घेतला. बेअर ॲक्ट म्हणजे नुसता कायदा, बारीक अक्षरातला. तिसरी पाळी करून सकाळी घरी यायचं आणि मांडीवर शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावायची. एका कलमाला आठवडा जायचा. निकालांचे मोठे ग्रंथ वकिलांच्या खोलीत काचेच्या कपाटात असायचे. ते आमच्या हाताला कुठले लागणार?

बाबासाहेबांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या ज्या सरकारी शाळेत दाखल झालं, ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून आजही उभी आहे. वर्गाबाहेर बसवलेला तो मुलगा पुढं लंडनहून बॅरिस्टर होऊन आला आणि १९२३ पासून मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागला. तेव्हा आपल्या माणसाला कायद्याचं पुस्तक परकं नाही. फक्त ते हाताला लागत नव्हतं. आज ते कपाट खिशात आलं आहे. आज मी बोलणार आहे ते त्या कपाटाविषयी आणि त्याच्या नादात माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी.

आधी फायद्याचं सांगतो. आपल्या वस्तीतली एक मावशी जमिनीच्या दाव्यासाठी दर तारखेला एसटीनं कोर्टात जायची. दिवसाची मजुरी बुडायची. तिथं गेल्यावर कळायचं, साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख घ्या. तिच्या नातवाच्या मोबाईलवर ई-कोर्ट्स सर्व्हिसेस नावाचं ॲप टाकून दिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीचं हे ॲप आहे, २०१७ साली आलं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. प्रत्येक खटल्याला सोळा खुणांचा एक सीएनआर नंबर असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, मग दोन जिल्ह्याची, दोन आकडे कोर्टाचे, सहा आकडे खटल्याचे आणि शेवटचे चार सालाचे. तो नंबर टाकला की मागची तारीख, पुढची तारीख, काम कोणत्या टप्प्यावर आहे, कधीकधी त्या दिवशीचा हुकूमसुद्धा दिसतो. नंबर नसेल तर नावावरून शोधता येतं, पोलीस ठाणं आणि गुन्हा नंबर टाकूनही येतं. नावाची मात्र गंमत आहे. आपलं कांबळे इंग्रजीत कोणी एका पद्धतीनं लिहितो, कोणी मध्ये एक अक्षर जास्त घालतो. कोर्टातल्या कारकुनानं जसं टाईप केलं असेल तसंच टाकावं लागतं. "माझी केस निघतच नाही" म्हणून घाबरू नका, स्पेलिंग बदलून बघा. चालू आणि निकाली असे दोन्ही प्रकार निवडून बघा. मावशीचं म्हणाल तर ती अजून तारखेला जाते, पण आदल्या दिवशी नातू तारीख बघून देतो. फुकटच्या खेपा वाचल्या.

कायद्यांसाठी सरकारचं इंडिया कोड आहे. केंद्राचे आणि राज्यांचे कायदे तिथं कलमवार मिळतात. निकालांसाठी इंडियन कानून आहे, २००८ पासून चालू आहे. सर्वोच्च न्यायालयानं स्वतः २०२३ च्या जानेवारीत ई-एससीआर सुरू केलं. त्यात अधिकृत निकाल फुकट वाचता येतात आणि काही निकालांची मराठी भाषांतरंही आहेत. भाषांतर यंत्राच्या मदतीनं केलेलं असतं, त्यामुळं एखादं वाक्य उलटं-पालटं वाटतं. पण मांडीवर शब्दकोश घेऊन बसलेल्या माणसाला विचारा, त्याचं मोल काय आहे ते.

आता कराडची गोष्ट ऐका. ही आपल्या सातारा जिल्ह्यातली आहे आणि तिनं सगळा देश ढवळून काढला. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात आपल्या समाजातला एक भांडारपाल होता. त्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरा मारला. २००६ साली त्यानं ॲट्रॉसिटी कायद्याखाली फिर्याद दिली. त्या वरिष्ठांवर खटला भरायला खात्याची मंजुरी लागत होती, ती २०११ साली नाकारली गेली. मग ज्यांनी मंजुरी नाकारली त्या अधिकाऱ्यावर २०१६ साली दुसरी फिर्याद झाली. तो अधिकारी आधी मुंबई उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेला. सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, हे त्या खटल्याचं नाव. २० मार्च २०१८ ला निकाल लागला. फिर्याद रद्द झालीच. पण कोर्टानं पुढं जाऊन देशभरासाठी सूचना दिल्या. सरकारी नोकराला अटक करायची तर नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याची परवानगी, इतरांसाठी जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाची परवानगी, आणि गुन्हा नोंदवण्याआधी उपअधीक्षकाकडून प्राथमिक चौकशी करता येईल. २ एप्रिलला भारत बंद झाला, तो तुम्हा सगळ्यांना आठवतो. इथं बसलेले काहीजण त्या दिवशी रस्त्यावर होते.

बंद आठवतो, पण पुढं काय झालं ते किती जणांना आठवतं? मलाही नीट आठवत नव्हतं. तिथंच घात झाला.

२०२१ सालची गोष्ट. दुष्काळी पट्ट्यातला एक माणूस संध्याकाळी माझ्याकडं आला. शेताकडं जाणाऱ्या वाटेवरून वाद झालेला, चारचौघांत जातीवरून शिवीगाळ झालेली, अंगावर मार होता. "दादा, काय करू?" म्हणाला. मी रुबाबात मोबाईल काढला. त्या वेळी माझ्याकडं कायद्याचं एक ॲप होतं, नाव सांगत नाही, दोष ॲपचा कमी आणि माझा जास्त. त्यात ॲट्रॉसिटी टाकलं, पहिला निकाल हाच आला. सर्वोच्च न्यायालय, २०१८. वाचला आणि त्याला सांगितलं, "बाबा, आता थेट गुन्हा दाखल होत नाही. आधी चौकशी होते. तू अर्ज दे आणि थांब." त्यानं अर्ज दिला आणि थांबला. अर्ज घेणाऱ्यांनाही ते सोयीचंच होतं. सात आठवडे तो कागद कुठल्या तरी फायलीत पडून राहिला.

मग एका तरुण वकील मुलीची गाठ पडली. आपल्यातलीच, नुकतीच सनद घेतलेली. तिला मी मोठ्या थाटात तो निकाल दाखवला. ती म्हणाली, "काका, हा निकाल आता तसा राहिलेला नाही. पुढचं वाचलंत का?"

पुढचं असं होतं. ऑगस्ट २०१८ मध्येच संसदेनं कायद्यात १८-अ हे कलम घातलं. गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही आणि अटकेला पूर्वपरवानगी लागत नाही, असं त्यात सरळ लिहिलं आहे. १ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानंच पुनर्विलोकनात चौकशीच्या आणि परवानगीच्या त्या सूचना मागं घेतल्या. तीन न्यायमूर्तींच्या त्या पीठात न्या. भूषण गवई होते, जे पुढं २०२५ साली देशाचे सरन्यायाधीश झाले. आणि १० फेब्रुवारी २०२० ला पृथ्वीराज चौहान खटल्यात १८-अ कलम कायम झालं. त्याच निकालात कोर्टानं हेही सांगितलं की फिर्यादीतून सकृद्दर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर अटकपूर्व जामिनाचा दरवाजा बंद नाही. दोन वर्षांत चार पायऱ्या. मी पहिल्या पायरीवर उभा राहून त्या माणसाला रस्ता सांगितला, तोही शेवटची पायरी पडून वर्ष झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो आणि फिर्याद नोंदवली. पण गेलेले सात आठवडे कुठून आणणार? मार लागल्याच्या खुणा मिटल्या होत्या. बघणाऱ्यांपैकी एकजण ऊसतोडीला निघून गेला होता. पुढं कोर्टात उलटतपासणीत त्याला विचारलं, "घटना घडली तेव्हाच फिर्याद का दिली नाही? नंतर कोणी शिकवलं का?" मी मागच्या बाकावर बसलो होतो. तो म्हणाला, "साहेब, मला माहीत नव्हतं." त्यानं माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी एक वही घातली आहे. मोबाईलवर काहीही सापडलं की आधी वहीत घटनेची तारीख लिहितो, शेजारी कायद्याची किंवा निकालाची तारीख. मग त्या दोन तारखांच्या मध्ये आणि नंतर काय घडलं ते शोधतो. इंडियन कानूनवर प्रत्येक निकालाबरोबर, तो निकाल पुढं कोणकोणत्या निकालांत उल्लेखला गेला, त्याची यादी मिळते. आपण ती उघडत नाही, वरचा निकाल वाचून मोकळे होतो. खरं तर तीच यादी आधी उघडायला पाहिजे, आणि तीही नव्याकडून जुन्याकडं. कायद्याचं कलम बघताना खालच्या बारीक टिपा वाचायच्या, कुठला शब्द कोणत्या साली घातला आणि कोणता काढला ते तिथं असतं. ॲट्रॉसिटी कायद्यात चारचौघांत अपमान करण्याचं जुनं कलम ३(१)(१०) होतं. २६ जानेवारी २०१६ पासून दुरुस्ती लागू झाली आणि तेच ३(१) च्या आर आणि एस या अक्षरांखाली गेलं. अजून काही लोक अर्जात दहाच लिहितात. घटना २०१६ आधीची असेल तर दहा बरोबर, नंतरची असेल तर चूक.

हे फक्त ॲट्रॉसिटीपुरतं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली. फसवणाऱ्याला आपण चारसोबीस म्हणतो, तो कायद्याच्या हिशोबानं आता तीनशे अठराचा पोटकलम चार झाला. म्हण काही बदलणार नाही, पण अर्ज बदलला पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं संकलन नावाचं ॲप आहे, त्यात जुनं कलम टाकलं की नवं मिळतं. फिर्यादीचं जुनं १५४ आता नागरिक सुरक्षा संहितेत १७३ आहे. फिर्यादीची प्रत फुकट मिळण्याचा हक्क त्यात आहे. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथंही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडं जा, तेही त्याच कलमात आहे. आणि गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला असेल, तर त्याला शिक्षेचं कलम जुनंच लागणार.

माझ्या गिरणीतल्या भावांसाठी एक सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांचे २९ कायदे जाऊन चार संहिता लागू झाल्या. आपल्या पाठीशी पन्नास वर्षं उभा असलेला १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा त्यातच सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. काही ॲप अजून तो जुना कायदा जसाच्या तसा दाखवतात, रद्द झाला अशी एक ओळसुद्धा नाही. हिशोबाचं सूत्र तेच आहे. शेवटचा महिन्याचा पगार भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले वर्षं. १३ हजार पगार आणि वीस वर्षं नोकरी धरली तर ५०० गुणिले १५, म्हणजे साडेसात हजार, गुणिले वीस, दीड लाख होतात. पण पगार कशाला म्हणायचं, ते बदललं. भत्त्यांचा भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेला, तर वरचा भाग पगारात धरला जातो. पगाराची चिठ्ठी फोडून भत्तेच भत्ते दाखवणाऱ्यांच्या कामगारांना हे फार महत्त्वाचं आहे. मुदतीच्या करारावरच्या पोराला पाच वर्षं थांबावं लागत नाही, वर्षभराच्या नोकरीवर हक्क येतो. म्हणून माझ्याकडं कागद घेऊन आलेल्याला मी पहिला प्रश्न विचारतो, नोकरी संपली कधी?

आता पोरं सांगतात, काका वही कशाला, मोबाईलला तोंडी विचारा, तो तोंडी उत्तर देतो. मी विचारून बघितलं. फार गोड बोलतो. न येणाऱ्या गोष्टीचंही उत्तर देतो, हीच भीती आहे. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी अशा यंत्राला विचारून अर्ज लिहिला, त्यातले निकाल कधी लागलेच नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. लांबचं कशाला, २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयानं आयकराचा एक आदेश रद्द केला, त्यातही अस्तित्वात नसलेल्या निकालांचा आधार होता. शिकलेल्या वकिलांची आणि अधिकाऱ्यांची ही गत, तर आपण काय! यंत्रानं निकालाचं नाव सांगितलं तर ते नाव ई-एससीआरवर किंवा ई-कोर्ट्सच्या निकालांत टाकून बघा. तिथं सापडलं तर पुढं, नाहीतर सोडून द्या.

जमिनीचं थोडक्यात सांगतो, कारण विचारणारे पुष्कळ आहेत. सातबारा मोबाईलवर दिसतो. नुसता बघायला पैसे नाहीत, पण तो माहितीपुरता असतो. कोर्टकचेरीत द्यायचा तर डिजिटल सहीचा घ्या, पंधरा रुपये लागतात. आपल्या पुष्कळ जमिनींवर भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं असतं. वतनं १९५८ च्या कायद्यानं रद्द झाली आणि जमिनी परत आपल्या नावावर झाल्या, त्या जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर करायचं नाही या अटीवर. मोबाईल तुम्हाला आजची नोंद दाखवेल. ती कशामुळं पडली ते जुन्या फेरफारात आहे, आणि तो बहुतेक वेळा तहसीलच्या अभिलेख कक्षातच बघावा लागतो. तिथं मोबाईल खिशात ठेवून अर्ज लिहावा लागतो.

ज्याला हे सगळं झेपत नाही त्यानं लाजू नये. अनुसूचित जातीच्या माणसाला, स्त्रीला, आणि औद्योगिक कामगारालासुद्धा, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. १५१०० हा नंबर लिहून घ्या. साध्या फोनवरूनही लागतो. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. सातारा, सांगलीच्या माणसाला आता रात्रीची गाडी धरून मुंबईला जायला नको. मोबाईल नीट वापरावा तो वकिलाला प्रश्न विचारण्यासाठी, वकिलाची जागा घेण्यासाठी नव्हे. मी ती जागा एकदा घेतली होती, त्याचं काय झालं ते सांगितलंच आहे.

कमिटीनं विहाराच्या वाचनालयाची खोली दर रविवारी वंदनेनंतर दोन तास दिली आहे. त्या वकील ताई महिन्यातून एकदा येतात, बाकीच्या रविवारी मी आणि कॉलेजच्या दोन मुली बसतो. येताना सगळे कागद आणा, फाटका असला तरी आणा, आणि घटनेची तारीख आठवून या. मोबाईल नसला तरी चालेल.

त्या माणसाचा खटला अजून चालू आहे. त्याचा नंबर मी माझ्या ॲपमध्ये जतन केला आहे. तारखेच्या आदल्या दिवशी मी त्याला फोन करतो, आणि सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं जातो. पुढची तारीख येत्या महिन्यात आहे.

जयभीम.